पहिले १० किमी उडत गेले, शेवटचे ६ संपेनात. हाफ मॅरेथॉनमध्ये माझं नेमकं काय चुकलं?

रानपाखरू
काल हाफ मॅरेथॉन (२१.१ किमी) झाली. तीन महिने डोक्यात एकच गोष्ट होती, दोन तासांच्या आत यायचं. लागले २:०८:३०. गळ्यात मेडल घालून कोपऱ्यात बसले आणि रडले.

स्प्लिट, म्हणजे टप्प्याटप्प्याचे वेळ, देते: १० किमी ५३:४०, १५ किमी १:२४:४०, उरलेल्या ६.१ किमीला जवळजवळ ४४ मिनिटं. सुरुवातीला पाय इतके हलके होते की ठरवलेला ५:४० चा पेस (किमीला ५ मिनिटं ४० सेकंद) फार संथ वाटला, म्हणून पहिले पाच किमी ५:१५ ने गेले. म्हटलं, आत्ता मिनिटं कमावून ठेवू, शेवटी कामी येतील. अकराव्यानंतर मांड्या दगड झाल्या. पंधरावा संपतो न संपतो तोच दोन तासांचा पेसर (बरोबर त्या वेळेत पोहोचेल अशा वेगाने पळणारा) शेजारून निघून गेला. सतराव्याला मी चालत होते.

सराव आठवड्याला चार दिवस, साधारण ३० किमी. बहुतेक सगळा ५:५० ते ६:०० च्या पेसने, धाप लागेपर्यंत. सर्वांत लांब धाव १४ किमी, तीही दोनदाच. १० किमीचा सर्वोत्तम वेळ ५५:१०, दोन महिन्यांपूर्वीचा.

जिद्द कमी पडली की तयारी? खरं सांगा, मन राखू नका.

सावकाश
ताई, तुमचेच दोन आकडे शेजारी ठेवा. सर्वोत्तम १० किमी ५५:१०. काल पहिले १० किमी ५३:४०. म्हणजे आयुष्यातले सगळ्यांत वेगवान १० किमी पळून झाले, तेव्हा पुढे ११ किमी बाकी होते. यात जिद्दीचा प्रश्न येतो कुठे?

तुम्ही कमावलेली मिनिटंही मोजू. १० किमीला ठरवलेल्या वेळेपेक्षा ३ मिनिटं पुढे होतात, १५ ला फक्त २० सेकंद उरली. पेस आपल्या मर्यादेपलीकडे गेला की स्नायूंवरचा भार झपाट्याने जाणवू लागतो, आणि पुढे पेस कमी केला तरी पाय लगेच पूर्ववत होत नाहीत.

पीटर रीगल या अभियंत्याचं एक सूत्र आहे: दोन अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात घ्यायचा आणि त्याने आधीच्या वेळेला गुणायचं. तुमच्या ५५:१० वरून हाफचा वेळ येतो २:०१:४० च्या आसपास, म्हणजे ५:४६ चा पेस. तोही लांब पल्ल्याची तयारी पक्की असेल तर. १४ किमीवर ती झालेली नव्हती.

तिसरा_गिअर
मला सरावच जास्त खटकला. रोज धाप लागेपर्यंत पळताय, त्यामुळे लांब धावेला पायांत काही उरतच नाही. इझी रन म्हणजे पूर्ण वाक्य बोलता येईल असा. तुमच्यासाठी ६:४५ ते ७:१५. लाज वाटेल इतकं हळू वाटतं, मलाही वाटलं होतं. आठवड्यात एकच दिवस जोरात पळा, बाकी सगळं हळू. लाँग रन १४ वरून हळूहळू १८-१९ पर्यंत न्या, दर चौथ्या आठवड्याला कमी करा.

मैलकुली
घड्याळात अंतर किती दिसलं?

रानपाखरू
२१.४ किमी.

मैलकुली
मग घड्याळातल्या ५:४० च्या पेसनेही दोन तासांच्या आत येणं झालं नसतं. मार्ग सर्वांत जवळच्या वाटेने मोजतात. आपण वळणं बाहेरून घेतो, माणसं चुकवतो, शिवाय जीपीएसचीही थोडी चूक असते. २१.४ ला दोन तास म्हणजे घड्याळात ५:३६ हवा. पुढच्या वेळी दर ५ किमीच्या पाट्यांवर वेळ बघा.

रानपाखरू
तीन आठवड्यांनी लिहितेय. तो ५३:४० मी कधी ५५:१० च्या शेजारी ठेवून पाहिलाच नव्हता. सावकाश, ते वाचून रात्री खूप हलकं वाटलं.

रविवारी १६ किमी केले, ७:०० ने. पहिले सहा किमी स्वतःला अक्षरशः धरून ठेवावं लागलं, दोन ओळखीचे पुढे निघून गेले. शेवटचे दोन किमी सहज ६:१० ने आले आणि घरी आल्यावर कठडा न धरता जिना चढले. आता एकच शंका: जोरात पळायचा दिवस लाँग रनच्या आधी दोन दिवस ठेवू की तीन?