पोलॉक ट्रॉलमधली चिनुकची मर्यादा: ६०,००० खरी की ४७,५९१?

भरतीओहोटी

अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात पोलॉक मासा धरणाऱ्या ट्रॉलरना (जाळं ओढणाऱ्या बोटींना) चिनुक सॅल्मनच्या बायकॅचची, म्हणजे नको असताना जाळ्यात येणाऱ्या माशांची, वार्षिक मर्यादा आहे, एवढं नक्की. पण एकीकडे ६०,००० मासे वाचायला मिळतात, दुसरीकडे ४७,५९१, तिसरीकडे ४५,००० आणि ३३,३१८. यातला लागू कुठला?

दुसरं म्हणजे मर्यादा नगांत का? पोलॉकच्या टनामागे ठरावीक प्रमाण का नाही? जो जास्त पोलॉक धरणार त्याच्या जाळ्यात सॅल्मनही जास्त येणार, हे सरळ आहे. हॅलिबटची मर्यादा तर टनांत दिसते, आणि तीही म्हणे मेलेल्या हॅलिबटची. मेले किती हे समुद्रावर कोण आणि कसं ठरवतं?

कायद्याची कलमं माझ्याकडे आहेत. डेकवर काय घडतं आणि मर्यादा भरली की खरोखर मासेमारी थांबते का, ते हवंय.

मोजपट्टी

चारही आकडे खरे आहेत, फक्त दोन जोड्या आहेत असं समजा. ६०,००० आणि ४७,५९१ ही नेहमीच्या वर्षांची जोडी, २०११ च्या मोसमापासून लागू. ४५,००० आणि ३३,३१८ ही दुष्काळी वर्षांची, २०१६ च्या दुरुस्तीने आलेली. उनालाक्लीट, वरचा युकॉन आणि कुस्कोक्विम या तीन नद्यांत परतलेल्या चिनुकची बेरीज २,५०,००० किंवा त्याहून कमी भरली, की पुढच्या वर्षी खालची जोडी लागते.

जोडीतला मोठा आकडा म्हणजे भिंत. लहान आकडा ही रोजच्या वागण्याची रेघ. ताफ्याचे चार हिस्से आहेत: किनाऱ्यावरच्या कारखान्यांना मासळी देणाऱ्या बोटी, कारखाना-जहाजं, मदरशिपला (समुद्रावरच मासळी घेणाऱ्या मोठ्या जहाजाला) मासळी देणाऱ्या बोटी आणि स्थानिक समाजांचा कोटा. एखाद्या हिश्श्याने लहान आकड्यातला आपला वाटा सलग सात वर्षांपैकी कुठल्याही तीन वर्षांत ओलांडला, तर त्याच्यापुरता मोठा आकडा कायमचा जातो. म्हणून तांडेलाच्या (बोटीच्या कप्तानाच्या) डोक्यात ६०,००० नसतातच, ४७,५९१ मधला आपला वाटा असतो.

ही मोठी मर्यादाही फुकट मिळत नाही. बायकॅच टाळण्याच्या करारात सामील झालेल्या बोटींनाच ती आहे. बाहेर राहणाऱ्यांसाठी २८,४९६ चा वेगळा, तुटपुंजा हिशोब आहे. करार बोटीबोटींमधला खासगी, पण त्यात काय असलंच पाहिजे ते सरकार ठरवतं.

वर्षाचे दोन मोसम: २० जानेवारी ते १० जून आणि १० जून ते १ नोव्हेंबर. ६०,००० मधले ४२,००० पहिल्याला, १८,००० दुसऱ्याला. पहिल्यातले उरले तर दुसऱ्यात नेता येतात. उलटं, म्हणजे दुसऱ्यातून उसने घेणं, चालत नाही.

टनामागे प्रमाण का नाही? अशा मर्यादेत पळवाट सोपी असते. प्रमाण बिघडलं की आणखी पोलॉक धरून भागाकार सुधारता येतो, आणि नदीकडे न परतलेले मासे तेवढेच राहतात. नदीला टक्केवारीशी देणंघेणं नाही. पण तुमचं म्हणणं पूर्ण सोडलेलंही नाही: बाहेरून मर्यादा नगांत असली तरी ताफा आतून टनामागे किती हेच बघतो. साधा भागाकार करा. पोलॉकचा कोटा १३ लाख टन धरला तर ६०,००० म्हणजे साधारण २२ टनांमागे एक चिनुक. ४७,५९१ ला २७ टनांमागे एक. ३३,३१८ ला ३९ टनांमागे एक. शंभर टनांच्या ओढीत (जाळं एकदा ओढून आलेल्या मालात) पाच चिनुक दिसले तर तेवढ्याने आकाश कोसळत नाही, पण तांडेलाने जागा बदलायला हवी हे त्याला कळतं.

खोला

डेकचं मी सांगतो.

या जाळ्यात पोलॉक आणि सॅल्मन वेगळे करायला आसाचं (जाळ्याच्या छिद्राचं) माप कामाचं नाही, कारण चिनुक पोलॉकपेक्षा लहान नसतो. मोठ्या आसाने लहान मासा सुटतो, मोठा नाही. म्हणून फरक काढतात तो पोहण्याच्या ताकदीतला. जाळ्याच्या अरुंद नळीच्या भागात, खोल्याच्या (मासे साठतात त्या शेवटच्या पिशवीच्या) पुढे, वजन लावलेला जाळीचा पडदा वरून खाली झुकता बसवतात. त्याच्या मागे पाण्याचा जोर कमी पडतो आणि वर सुटकेचं भोक असतं. पोलॉक दमून पडद्याखालून मागे खोल्यात वाहत जातो. चिनुक त्या संथ पाण्यात थांबतो, पुढे सरकतो आणि वरच्या भोकातून निघतो. याला सॅल्मन एक्सक्लूडर म्हणतात.

बिघडतं कुठे? पडद्याला वजन कमी पडलं तर तो वर उचलला जाऊन भोकच झाकतो. वजन जास्त झालं तर खालची वाट अरुंद होते, मासळी तुंबते, आणि तुंबलेल्या गर्दीत सॅल्मनला पुढे पोहायला जागा राहत नाही. पोलॉकची दाट लाट आली तरी तेच. म्हणून नळीत कॅमेरा सोडून पडदा ओढीच्या वेगाला कसा बसतो ते पाहिल्याशिवाय वजन ठरवू नये. डेकवर सुंदर दिसणारा पडदा पाण्यात भलताच वागतो. आणखी एक सवय मोडायला हवी: ओढ संपताना जाळं झटकन वर घेतलं की नळीतले मासे एकदम मागे ढकलले जातात.

एक्सक्लूडर लावला म्हणजे प्रश्न मिटला असं मात्र नाही. त्यातून सुटणाऱ्या चिनुकचं प्रमाण बोटीगणिक आणि ओढीगणिक खूप बदलतं. करारानुसार तो २० जानेवारी ते ३१ मार्च आणि १ सप्टेंबरपासून मोसम संपेपर्यंत लावावाच लागतो, कारण चिनुकचा त्रास याच महिन्यांत. ऑक्टोबर तर बदनामच आहे. पोलॉक विखुरलेला, चिनुक वाढलेला, आणि कोटा संपवायची घाई.

एक्सक्लूडरपेक्षा जास्त फरक पडतो तो जागा सोडण्याने. बोटींची आकडेवारी आपापसांत उघडी असते. जिथे टनामागे चिनुक ठरलेल्या दरापेक्षा वर गेले, तो तुकडा करारातल्या बोटींना काही दिवस बंद, आणि ज्यांचा स्वतःचा दर वाईट त्यांच्यावर बंदी आधी. चांगला दर असलेला तांडेल तिथे जाऊ शकतो, वाईट दराचा नाही. शेजारच्या बोटीला आपला आकडा दिसतो ही गोष्ट दंडाइतकीच काम करते, असं माझं मत.

भरतीओहोटी

हे समजलं. पण आकडा खरा कशावरून? शंभर टनांच्या खोल्यात पाच मासे, कोण शोधतं? आणि मोजण्याआधी समुद्रात टाकले तर?

मोजपट्टी

टाकायला बंदी आहे. बेरिंगच्या पोलॉक बोटींवर प्रत्येक चिनुक मोजणी होईपर्यंत ठेवावाच लागतो. किनाऱ्यावर देणाऱ्या बोटीचा माल कारखान्यात उतरताना सॅल्मन बाजूला काढतात आणि निरीक्षक ते मोजतो. कारखाना-जहाजावर ते निरीक्षकाच्या नजरेसमोरच्या पेटीत जातात, त्या पेटीवर कॅमेरा असतो. चुकून पुढे कारखान्याच्या सरकत्या पट्ट्यावर गेलेला मासा नंतर सापडला तरी हिशोबात धरतात. हे मासे विकता येत नाहीत. फार तर अन्नपेढ्यांना दान करता येतात. विकायची मुभा दिली तर 'चुकून' फार वेळा घडेल, हे उघड आहे.

नमुना न घेता एकेक मासा मोजण्याचं कारण गणितात आहे. समजा ३० टनांच्या ओढीतून ३०० किलोचा नमुना घेतला आणि त्यात एक चिनुक निघाला. गुणोत्तराने ओढीत १०० चिनुक झाले. नमुन्यात एकही आला नाही तर शून्य. खरे कदाचित आठ असतील. इतक्या विरळ माशाला नमुना लावला तर मर्यादा नशिबावर चालते.

याशिवाय ठरलेल्या क्रमाने दर दहाव्या चिनुकचा ऊतींचा तुकडा जनुकीय तपासणीला जातो. त्यावरून कळतं की मोठा वाटा पश्चिम अलास्काच्या किनारी नद्यांचा असतो. चम या सॅल्मनच्या दुसऱ्या जातीचं चित्र वेगळं: त्यात आशियाकडचे मासे जास्त. दोन्ही माशांना 'सॅल्मन' म्हणून एकाच रागाने मोजू नये ते यासाठी.

दर्यावर्दी

हॅलिबटबद्दल. तिथे मुख्य अडचण पोलॉकवाल्यांची नाही, तळाला जाळं ओढून यलोफिन सोल, रॉक सोल असे चपटे मासे धरणाऱ्या कारखाना-जहाजांची आहे. हॅलिबटही चपटाच आणि त्याच तळावरचा. त्यांची मर्यादा २,३२५ टन होती, २०१६ मध्ये १,७४५ झाली. २०२४ पासून ती साठ्याबरोबर हलते: लांबदोरीच्या (गळ लावलेल्या लांब दोरीच्या) सर्वेक्षणाचा निर्देशांक आणि ट्रॉल सर्वेक्षण, दोन्ही एका तक्त्यात घालून वर्षाचा आकडा निघतो. सर्वांत वर १,७४५, सर्वांत खाली १,१३४ टन.

हॅलिबट ठेवता येत नाही, समुद्रात सोडावाच लागतो. तो जगला तर नुकसान नाही, म्हणून मोजतात ते मरणारं वजन. निरीक्षक काही हॅलिबट उचलून पाहतो: कल्ल्यांचा रंग, कल्ल्यावरचं झाकण घट्ट मिटतो का, अंगात जोर आहे का, जखमा कुठे. त्यावरून उत्तम, वाईट किंवा मेलेला असे तीन शेरे. ट्रॉलच्या हिशोबात उत्तम शेऱ्याच्या माशांतलेही २० टक्के मरणार असं धरतात. वाईट ५५ टक्के आणि मेलेला ९० टक्के.

आता खरी गंमत वेळेची. पूर्वी सगळी ओढ डेकखालच्या खणात जायची, तिथून पट्ट्यावर, आणि हॅलिबट बाहेर पडेपर्यंत संपलेला. आता परवानगीने डेकवरच निवडतात: खोला थोडा थोडा उघडायचा, हॅलिबट लगेच घसरगुंडीवर, मोजमाप, पाण्यात. समजा दहा टन हॅलिबट आले. खालून गेले आणि मृत्यूचा दर ८५ टक्के लागला तर खात्यात साडेआठ टन. डेकवर निवडून दर ५० वर आला तर पाच. जाळं अजिबात न बदलता साडेतीन टन वाचले, आणि तेवढी मासेमारी पुढे चालू राहते.

चुका ठरलेल्या. ओढ फार मोठी घेतली तर खालचे हॅलिबट वजनाखाली चेंगरतात, मग डेकवर कितीही घाई करा. थंडीच्या वाऱ्यात डेकवर पडून राहिलेला मासा दिसायला धड असतो, पण झाकण मिटत नाही. आणि निरीक्षक जागेवर नसताना निवड सुरू केली तर तो माल डेकवरचा धरलाच जात नाही.

खेकड्याचं आणखी वेगळं आहे, थोडक्यात: लाल किंग क्रॅबची मर्यादा नगांत, साठ्याप्रमाणे ३२,०००, ९७,००० किंवा १,९७,०००. भरली की ठरलेला पट्टा बंद, बाकीचा समुद्र चालू.

खोला

थांबते का, याचं उत्तर राहिलं. थांबते, पण कशी थांबते ते वाटणीवर आहे.

बेरिंगमध्ये मर्यादा हिश्श्यांना आणि त्यातून सहकारी गटांना वाटलेली आहे. तिथे सरकारने येऊन बंद करायची वाट बघत नाहीत. आपला वाटा ओलांडणं हाच गुन्हा, म्हणून गट स्वतः बोटी थांबवतो किंवा दुसऱ्याकडून वाटा घेतो. गल्फ ऑफ अलास्कात पोलॉकला अशी वाटणी नाही. पोलॉक ट्रॉलला सगळ्यांची मिळून २५,००० चिनुकची मर्यादा, त्यात पश्चिमेला ६,६८४ आणि मध्य भागाला १८,३१६. सामाईक हौद. मी सावकाश, जागा बदलत मासे धरले तर वाचलेले चिनुक शेजारी वापरणार, मग मी कशाला थांबू? २०२४ च्या सप्टेंबरात नेमकं हेच दुखणं उघडं पडलं: दोन बोटींच्या पकडीत सुमारे २,००० चिनुक आले, मध्य भागाची मर्यादा ओलांडली गेली आणि पोलॉक शिल्लक असताना सगळ्या ताफ्याची मासेमारी बंद झाली. स्वच्छ बोटींचीसुद्धा.

मोजपट्टी

सामाईक हौदाचा दोष मान्य, पण सगळा दोष वाटणीच्या अभावावर टाकू नका. दोन हजार चिनुक एकदम आले तर वाटणी असतानाही तो गट त्या दिवशी संपलाच असता. फरक इतकाच की बाकीचे गट चालू राहिले असते.

दर्यावर्दी

आणि वार्षिक आकडा हा एकच मार्ग नाही. बॅरेंट्स समुद्रात नॉर्वेवाले जागा बंद करतात: कॉड, हॅडॉक आणि सेथ मिळून मापाखालचे मासे नगांत १५ टक्क्यांवर गेले की तो भाग लगेच बंद, पुन्हा तपासून उघडायचा. सोबत ट्रॉलमध्ये ५५ मिलिमीटर फटींची, दांड्यांची चाळणी, कोळंबीच्या ट्रॉलला १९ मिलिमीटरची. तिथे तुमचं 'टक्केवारी' चालतं, कारण ती जागेची कसोटी आहे, वर्षाचा हिशोब नाही. एकाच जागेवर जास्त मासे धरून तिथल्या पिलांचं प्रमाण कमी करता येत नाही.

भरतीओहोटी

म्हणजे मी दोन गोष्टी एकत्र करत होतो. शेवटचं: मर्यादेतला एक चिनुक म्हणजे नदीतला एक चिनुक कमी, असं धरायचं का?

मोजपट्टी

नाही. जाळ्यात येणारे बरेच चिनुक अजून वाढीत असतात. काही यंदाच नदीत चढले असते, काही दोन-तीन वर्षांनी, काही वाटेतच दुसऱ्या कुणाच्या पोटात गेले असते. म्हणून वय आणि नैसर्गिक मृत्यू धरून 'परतले असते असे मासे' वेगळे काढतात, आणि त्यातले कुठल्या नदीचे ते जनुकांवरून. एका वर्षाच्या बायकॅचचा फटका पुढच्या अनेक वर्षांवर पसरतो. २००७ मध्ये १,२०,००० च्या वर चिनुक आले होते, तर त्याचा हिशोब फक्त २००७ च्या नद्यांत शोधून सापडणार नाही. तक्ता करणार असाल तर पकडीचं वर्ष आणि परतण्याचं वर्ष असे दोन रकाने ठेवा.