काळी काच म्हणजे संरक्षण नव्हे
गॉगलची काच जितकी गडद तितके डोळे सुरक्षित, असे अनेकांना वाटते; हे मत मला पटत नाही. डोळ्यांना अपाय करणारे उन्हातले अतिनील किरण काचेच्या रंगाने अडत नाहीत. उलट संरक्षक गुण नसलेल्या गडद काचेमागे बाहुली विस्फारते आणि अधिक किरण आत शिरू शकतात, म्हणून कळंगुटच्या किनाऱ्यावर हौसेने घेतलेल्या स्वस्त गॉगलपेक्षा (मीही घेतले आहेत) ४०० नॅनोमीटरपर्यंतचे, म्हणजे सगळे अतिनील किरण अडवणारा साधा पारदर्शक चष्मा बरा. मासेमारी करणाऱ्यांना आणि मिठागरात राबणाऱ्यांना पाण्यावरून परावर्तित होणारे ऊनही सोसावे लागते, आणि वर्षानुवर्षांच्या अशा उन्हाने डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढ होऊ शकते. पोलराइज्ड काच (परावर्तित प्रकाश गाळणारी) पाण्यावरची चकाकी कमी करते. अतिनील संरक्षणाची खात्री मात्र वेगळी करून घ्यावी.