माईक चालू केला की आवाज का बिघडतो? ब्लूटूथ हेडसेटचे तुमचे अनुभव

संगणकाला ब्लूटूथ हेडसेट जोडून गाणी ऐकताना झकास वाटतं, आणि मीटिंग सुरू झाली की तोच हेडसेट जुन्या लँडलाइनसारखा वाजायला लागतो. हेडसेट बिघडलेला नसतो. नेहमीच्या ब्लूटूथवर गाणी ए२डीपी या प्रोफाइलने (आवाज पाठवायच्या ठरलेल्या पद्धतीने) येतात: स्टिरिओ, पण एकाच दिशेने. हेडसेटचा माईक उघडला की संगणकाला एचएफपी या फोनवरच्या बोलण्यासाठीच्या प्रोफाइलवर यावं लागतं. तिथे आवाज दोन्हीकडून जातो, पण मोनो, आणि सेकंदाला नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, सहसा ८,००० (सीव्हीएसडी हा कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची रीत) किंवा १६,००० (एमएसबीसी हा कोडेक). गाण्यांना सहसा ४४,१०० मिळतात. तर तुम्ही यावर काय केलंत? महागडा हेडसेट घेऊन उपयोग झाला का? कंपन्यांना शिव्या नकोत, उपाय लिहा.

हिंजवडीकर: विंडोज १० मध्ये एकाच हेडसेटची दोन नावं दिसतात, एक ‘स्टिरिओ’ आणि एक ‘हँड्स-फ्री’. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये स्पीकर म्हणून पहिलं निवडायचं आणि माईक लॅपटॉपचा. विंडोज ११ मध्ये नाव एकच असतं, तिथे फक्त माईक बदला. तरी अ‍ॅप ऐकत नसेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये हेडसेटच्या प्रॉपर्टीज, मग सर्व्हिसेस, आणि ‘हँड्सफ्री टेलिफोनी’वरची खूण काढा. मग हेडसेटचा माईक संगणकाला दिसतच नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

खर्जातली: मी ऑनलाइन गाणं शिकवते. एक विद्यार्थिनी न्यू जर्सीत, दोघी नाशकात. त्या इअरबड घालून बसल्या की तानपुरा मेलाच म्हणून समजा. ८,००० नमुन्यांत ४ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही, आणि जवारीची, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांच्या गुंजनाची, झळाळी बरीचशी त्या वरच्या भागातच. उरते ती नुसती गुणगुण. त्यात मीटिंगचं अ‍ॅप सतत वाजणाऱ्या आवाजाला गोंगाट समजून छाटतं. सूर खाली-वर होत नाही हं, पण आवाजाची जात बदलते. ‘स’चा सळसळाट जातो, श्वास कुठे घेतला ते कळत नाही, आणि शिकवताना मला नेमकं तेच ऐकायचं असतं. एका पालकांनी हौसेने महागाचे इअरबड आणले. त्यानेही तसूभर फरक पडला नाही. आता शिस्त अशी: वायरचे इअरफोन, शक्यतो यूएसबी माईक, नसेल तर लॅपटॉपचा, आणि झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू. तानपुरा पुन्हा जिवंत झाला.

मॅकवाला: सिस्टिम सेटिंग्ज, साउंड, इनपुट, तिथे लॅपटॉपचा माईक. संपला विषय.

डोंबिवली फास्ट नव्हे स्लो: वरच्या सगळ्यांशी असहमत. लॅपटॉपच्या माईकात कुकरच्या शिट्ट्या, सासूबाईंची मालिका आणि खालचा भंगारवाला, सगळे मीटिंगला हजर असतात. हेडसेटचा माईक निदान तोंडाजवळ असतो. मला पलीकडचे लोक टेलिफोनसारखे ऐकू आले तर येऊ देत, माझं बोलणं ग्राहकाला कळणं महत्त्वाचं. मीटिंगमध्ये स्टिरिओ हवाय कुणाला?

टर्मिनलप्रेमी: लिनक्सवर आवाज सांभाळणाऱ्या पल्सऑडिओच्या १५व्या आवृत्तीत (२०२१) एमएसबीसी आलं, त्याने बोलणं बरंच सुधारलं. हल्ली त्याच्या जागी पाइपवायर असतं. एखाद्या अ‍ॅपने माईक मागितला की ते आपणहून प्रोफाइल बदलतं. तो आपोआप बदल मी बंद करून ठेवलाय. काय चाललंय ते ‘पाव्हूकंट्रोल’ या आवाजाच्या सेटिंगच्या अ‍ॅपमध्ये दिसतं.

रात्रीचा गेमर: डोंबिवलीकर ताई, तुमच्यासाठी २.४ गिगाहर्ट्झच्या यूएसबी डोंगलवाला हेडसेट. डोंगलचा स्वतःचा रेडिओ असतो, त्यामुळे स्टिरिओ आणि तोंडाजवळचा माईक दोन्ही एकदम चालतात. घेताना विचारून घ्या, काही डोंगल आतून ब्लूटूथच असतात.

खोकंवाचक: या दुखण्यावरचा खरा इलाज म्हणजे एलई ऑडिओ, ब्लूटूथवर आवाज पाठवायची नवी पद्धत. २०२० च्या ब्लूटूथ ५.२ मध्ये त्याचा पाया घातला गेला, कोडेक एलसी३. विंडोज ११ मध्ये आता एलई ऑडिओवर माईक चालू असतानाही स्टिरिओ मिळू शकतो. पण हेडसेट, लॅपटॉपची चिप आणि ड्रायव्हर, तिघांनाही ते जमायला हवं. खोक्यावर ‘५.३’ छापलंय एवढ्यावर भुलू नका, ५.३ असूनही एलई ऑडिओ नसलेले हेडसेट दुकानात सर्रास मिळतात. ‘एलई ऑडिओ’ हे शब्द दिसले तरच पैसे काढा.

खर्जातली: एलई ऑडिओवर तानपुरा कुणी ऐकलाय का? नाशिकचे पालक पुन्हा खरेदीला निघालेत.