दुधाच्या गंजात चंद्र न दिसण्याचं कारण

कोजागिरीला दुधाच्या गंजात (मोठ्या पातेल्यात) चंद्र का उमटत नाही, असं बरेच जण विचारतात. बहुतेक वेळा आड येते ती साय. दूध उतरवलं की थोड्याच वेळात ती धरते, मग नुसता पांढरा उजेड. बघायच्या आधी साय अलगद सारा, अंगणातला बल्ब बंद करा. (धानपट्ट्यात बल्बवर तुडतुडे येतात आणि थेट दुधात पडतात, तेव्हा एरवी वर मलमल बांधलेली बरी.) गंज काठोकाठ भरलेला हवा, नाहीतर काठाचीच सावली पडते.

नऊच्या सुमारास चंद्र पूर्वेला साधारण ४५ अंशांवर असतो. गंजाच्या पश्चिमेला उभं राहून पाहा. भुलाबाईचा (कोजागिरीला पुजतात त्या पार्वतीच्या मूर्तीचा) ज्वारीच्या धांड्यांचा, म्हणजे ताटांचा, मखर पूर्वेच्या बाजूला नको, तो चंद्राच्या आड येतो. बाराला चंद्र जवळजवळ माथ्यावर येतो. वाकलं की आपलंच डोकं आड येतं.

दूध तळाला लागून करपत असेल, तर गंज पाण्याने विसळून न पुसता दूध ओता. मंद आचेवर ५ लिटरचं ४ होईस्तोवर तळाशी उलथनं फिरवत राहा. साखर ४०० ग्रॅम, तीही शेवटी. चारोळी आधी चावून बघा; खवट निघाली तर अख्खा गंज वाया.