वापरलेली पोर्शं केमन घ्यायचीय, मॅन्युअल की पीडीके (दोन क्लचवाला, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स)? डोकं चालेना झालंय

पुणेरी_स्टुटगार्टकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, आज पहिल्यांदा प्रश्न टाकतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मूळचा पुण्याचा, सहा वर्षं झाली स्टुटगार्टला. या शहरात राहून रोज रस्त्यावर पोर्शं बघायच्या आणि आपण मात्र बसच्या रांगेत, हे किती दिवस सहन करणार. शेवटी यंदा ठरवलं, वापरलेली ७१८ केमन घ्यायची. बजेट ४५-५० हजार युरो, त्याच्या वर एक पैसा नाही. बायकोचा मुद्दा असा की दोन सीटची गाडी घेऊन आईबाबा आले की त्यांना टपावर बसवणार का, पण तो वेगळा धागा होईल.

आता दोन गाड्या नजरेत आहेत. एक २०१७ ची साधी केमन, २ लिटर टर्बो, ३०० पीएस, पीडीके आणि स्पोर्ट क्रोनो पॅकेज (जोरात चालवायच्या जादा सोयी). दुसरी २०१८ ची केमन एस, अडीच लिटर, ३५० पीएस, सहा गिअर मॅन्युअल, निळी. किंमत जवळपास सारखी कारण एस चे किलोमीटर जास्त झालेत. गंमत बघा, कंपनीच्या आकड्यांप्रमाणे ० ते १०० ला साधी पीडीकेवाली ४.७ सेकंद घेते आणि एस मॅन्युअल ४.६, म्हणजे ५० घोडे जास्त असून फरक एका दशांशाचा. बाकीचे घोडे माझ्या डाव्या पायात जिरणार असं दिसतंय.

रोजचं जाणं-येणं बे २७ या महामार्गावरून, सकाळी नुसती मुंगीची रांग. रविवारी मात्र श्वार्ट्सवाल्डमधला बे ५००, बाडन-बाडनहून फ्रॉयडेनश्टाटकडे, हा खरा हेतू. गाडी शिकलो मारुती ८०० वर, कात्रज घाटात मामाने शिकवली, त्यामुळे मॅन्युअलचं प्रेम आहे. पण इथे आल्यापासून ऑटोमॅटिकच चालवतोय. काय करू?

नानाचं_गॅरेज (पुणे)

मित्रा आधी एक लक्षात घे, पीडीके म्हणजे आपली नेहमीची ऑटोमॅटिक नव्हे. टॉर्क कन्व्हर्टर (तेलातून ताकद पुढे देणारा भाग) नसतो त्यात. आतमध्ये गिअर तसेच असतात जसे मॅन्युअलमध्ये असतात, फक्त क्लच दोन. एका शाफ्टवर १-३-५-७, दुसऱ्यावर २-४-६. तू तिसऱ्यात असताना गाडीने चौथा आधीच लावून ठेवलेला असतो, वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो, चाकाकडे जाणारी ताकद मध्ये तुटतच नाही. माणूस कितीही तयारीचा असला तरी क्लच दाबून, दांडा ओढून, परत सोडेपर्यंत तेवढा वेळ गाडी मोकळी असते. आकड्यात हरणं तिथेच होतं, यात तुझी काही चूक नाही.

आता अडचणीचं. माझ्याकडे गॅरेजला ड्युअल क्लचच्या गाड्या येतात, कंपनीचं नाव घेत नाही, पण कोरड्या क्लचवाल्या जास्त. एप्रिल-मे मधला चांदणी चौक, माणूस दीड तास ब्रेकवरून पाय अर्धा उचलून सरकत असतो. त्याला वाटतं गाडी आपोआप सरकतेय, खरं तर आत क्लच अर्धवट घासत असतो, म्हणजे तू मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर उभा राहावंस तसंच. मग थरथर सुरू, मग मेकॅट्रॉनिकचं (क्लच आणि गिअर हलवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाचं) बिल, मग माझ्याशी भांडण. पोर्शंचा पीडीके ओल्या क्लचचा आहे, तेलात बुडालेला, त्यामुळे उष्णतेला बराच दमदार. तरी सवय तीच ठेव, थांबायचं तर ब्रेक पूर्ण दाबून थांब म्हणजे क्लच सुटतो, आणि पुढे गाडीभर जागा झाली की मगच हल. आणि तेल बदलल्याची नोंद सर्व्हिसच्या कागदात शोध, त्यातही क्लचचं तेल आणि गिअरचं तेल वेगवेगळं असतं, विकणारा "सगळं झालंय" म्हणाला तर कुठलं झालंय विचार.

मॅन्युअल घेतलीस तर क्लच प्लेट किती उरलीय हे चढावर वरच्या गिअरमध्ये रेस देऊन बघ. आरपीएम चढले आणि गाडी तिथेच, तर किमतीत घासाघीस कर.

म्युनिकवाला_काका

बाकीचं सोड. तू "इथे आल्यापासून ऑटोमॅटिकच" म्हणालास म्हणून विचारतो, जर्मन लायसन्सची परीक्षा कुठल्या गाडीवर दिलीस? भारताचं लायसन्स सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही द्यावं लागतं, आणि प्रॅक्टिकल ऑटोमॅटिकवर दिलं असशील तर कार्ड उलटं करून १२ नंबरचा रकाना बघ. तिथे ७८ लिहिलं असेल तर तुला मॅन्युअल चालवायची परवानगीच नाही. मामाने कात्रजला शिकवलं हे पोलिसाला सांगून उपयोग नाही, तो विनापरवाना गाडी चालवल्याचा गुन्हा होतो.

पुणेरी_स्टुटगार्टकर

अरे देवा. आत्ता पाकीट काढून बघितलं. ७८.

तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने विचारलं होतं ऑटोमॅटिक चालेल का, मी म्हटलं त्यात काय, सोपं जाईल. आणि गेल्या उन्हाळ्यात मित्राची मॅन्युअल गोल्फ विमानतळावरून घरी आणली होती मी. कुणाला सांगू नका.

म्युनिकवाला_काका

सांगत नाही, पण परत करू नकोस. उपाय आहे. एप्रिल २०२१ पासून नियम बदललाय, मॅन्युअलवर किमान दहा तासिका घ्यायच्या, प्रत्येकी ४५ मिनिटांच्या, आणि शेवटी स्कूलचाच माणूस १५ मिनिटांची चाचणी घेतो, सरकारी परीक्षा परत नाही. मग ७८ जाऊन १९७ येतो आणि दोन्ही चालवता येतात. म्हणजे मॅन्युअल एस ची खरी किंमत अधिक दहा तासिका असं धर.

आता मूळ प्रश्नावर माझं मत. हा वाद खुद्द पोर्शंने स्वतःशीच घातलाय आणि हरलीय, म्हणून मला तो आवडतो. पीडीके त्यांनी ऐंशीच्या दशकात ९५६ आणि ९६२ या रेसच्या गाड्यांवर तावून सुलाखून घेतला, रस्त्यावरच्या ९११ मध्ये यायला २००८ उजाडलं. २०१३ ला नवीन जीटी३ (९११ चीच ट्रॅकसाठीची आवृत्ती) आली ती फक्त पीडीके. कंपनीचं म्हणणं, ट्रॅकची गाडी आहे, जे वेगवान तेच द्यायचं. तर्काला काही उत्तर नव्हतं. पण लोक इतके नाराज झाले की २०१६ ला ९११ आर नावाची मॅन्युअल काढली, फक्त ९९१ गाड्या, आणि त्यांचे भाव मूळ किमतीच्या कितीतरी पट वर गेले. २०१७ ला जीटी३ मध्ये मॅन्युअल गुपचूप परत. त्यानंतरच्या ९९२ पिढीतल्या जीटी३ चे आकडे बघ, ० ते १०० पीडीकेला ३.४, मॅन्युअलला ३.९. वजनात मॅन्युअल १७ किलो हलकी. टॉप स्पीड मॅन्युअलचा ३२०, पीडीकेचा ३१८. अर्धा सेकंद हरून लोक ती घेतातच.

आणि एप्रिल २०२५ ला नव्या जीटी३ ने मॅन्युअल गिअरबॉक्सवर नॉर्डश्लाइफची (न्यूरबुर्गरिंगच्या लांबलचक ट्रॅकची) फेरी ६ मिनिटं ५६.२९४ सेकंदात मारली. तीच २०.८ किलोमीटरची फेरी आधीच्या पीडीके जीटी३ ची ६:५९.९२७ होती. श्रेय सगळं गिअरबॉक्सचं नाही, गाडी नवी, पॅकेज हलकं, पण "मॅन्युअल म्हणजे हळू" म्हणणाऱ्याला ऐकवायला बरं पडतं.

यष्टीचा_पोरगा (कोल्हापूर)

डबल क्लच डबल क्लच वाचून मला वाटलं माझ्या वडिलांबद्दल चाललंय 😂

आमचे वडील यष्टीवर ड्रायव्हर हुते, २८ वर्षं. जुन्या गाड्यांना खालचा गिअर टाकायचा म्हणजे क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचा, क्लच सोडायचा, रेस द्यायची, परत क्लच दाबायचा आणि मग दांडा आत. त्याला डबल क्लच म्हणायचे, कारण क्लच दोनदा. न्हाईतर असा खर्रकन आवाज यायचा की मागच्या सीटवरची म्हातारी पण "ड्रायवर नवा हाय वाटतं" म्हणायची. आंबा घाटात आमच्या वडिलांची गाडी भरून असली तरी आवाज यायचा न्हाई. आणि त्यातनं रत्नागिरीहून आलेल्या माशांच्या टोपल्या टपावर.

तर जर्मन लोकांनी क्लच दोन बसवले आणि पाय शून्य केले. आमच्याकडं क्लच एक हुता आणि पाय तीन लागायचे. मॅन्युअल घे लेका, नाद खुळा.

नानाचं_गॅरेज

वडिलांना नमस्कार सांग 🙏 आता सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना) आल्यापासून ते कुणाला करावंच लागत नाही, नवीन पोरांना शब्दच माहीत नाही. डीसीटी (ड्युअल क्लच गिअरबॉक्स) मात्र खालचा गिअर टाकताना स्वतःच रेस देते, त्यामुळे वडिलांचं तेवढं काम कॉम्प्युटर करतो म्हण.

जर्सीचा_जोशी

मी उलट बाजूने बोलतो, मार खायला तयार आहे.

माझ्याकडे दोन सीटची मॅन्युअल होती, ट्रॅक डेला (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायच्या दिवशी) घेऊन जायचो. मागच्याच्या मागच्या वर्षी सरळ पट्ट्यावर चौथ्यातून पाचव्यात जायचं होतं, मागे एकजण चिकटलेला, घाई झाली, हात जरा जोरात डावीकडे ओढला गेला आणि दांडा तिसऱ्याऐवजी गेला थेट... नाही, चुकून लिहितोय, पाचव्याऐवजी गेला तिसऱ्यात. क्लच सोडला. चाकांनी इंजिनाला धरून फिरवलं, काटा लाल रेषेच्या किती पुढे गेला बघायला वेळच नव्हता, फक्त एक आवाज आठवतो, पत्र्याच्या डब्यात खिळे टाकून हलवावेत तसा. इकडे याला मनी शिफ्ट म्हणतात, कारण त्यानंतर फक्त पैसेच जातात. वाल्व वाकले. गाडीची काहीच चूक नाही, शंभर टक्के माझी.

रेव्ह लिमिटर याला वाचवत नाही हे लोकांना कळत नाही. लिमिटर पेट्रोल बंद करेल, पण चाकं इंजिनाला ओढतायत त्याला तो काय करणार. ड्युअल क्लचमध्ये तू स्टिअरिंगमागचं डावं, खालच्या गिअरचं पॅडल दहा वेळा ओढ, आरपीएम झेपणार नसतील तर ती गिअर टाकतच नाही. वळणात दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर पुढे. ज्याला खरंच जोरात चालवायचंय त्याने पीडीकेच घ्यावी असं आता माझं मत आहे. शर्यतवाल्यांनी हे कधीच ओळखलं, १९८९ ला ब्राझीलमध्ये मॅन्सेलने पॅडलवाली फेरारी पहिल्याच रेसला जिंकून आणली (तो ड्युअल क्लच नव्हता, मान्य), आणि काही वर्षांत फॉर्म्युला वन मधून दांडा गायब झाला. रस्त्यावरच्या फेरारीतही आता तो मिळत नाही.

म्युनिकवाला_काका

जोशी, मुद्दा बिनतोड आहे पण आपला पुणेकर ट्रॅकवर जाणार नाहीये, बे ५०० वर जाणार आहे. तिथे वेगाची गरज नाही, वेग आहे कुठे तिथे, पुढे एक कॅम्पिंगवाली डच गाडी असतेच.

फक्त एक इशारा. केमनचे गिअर फार लांब आहेत, ही जुनी तक्रार आहे सगळ्यांची. दुसऱ्यातच गाडी शंभराच्या पुढे जाते. तेव्हा घाटात सारखा दांडा हलवत मजा करीन असं चित्र डोळ्यासमोर असेल तर ते पुसून टाक आणि घेण्याआधी तोच रस्ता चालवून बघ.

पुणेरी_स्टुटगार्टकर

पाच आठवड्यांनी येतोय, धागा वर आणल्याबद्दल क्षमस्व.

दहा तासिका झाल्या. पहिल्या दिवशी नोये वाइनश्टायगेच्या चढावर, सिग्नलला, मागे बस, मी गाडी तीनदा बंद पाडली. शिकवणारा साठीचा गृहस्थ, शांतपणे खिडकीबाहेर बघत म्हणाला "लांगझाम", म्हणजे सावकाश. मामा असता तर टपली मारली असती. पण चौथ्या वेळेला क्लच जिथे धरतो तिथे गाडीचं नाक किंचित वर आलं आणि पायाला ते कळलं, एकदम कात्रजच आठवला हो. पाय विसरलेला नव्हता, त्याला फक्त कुणी विचारलं नव्हतं इतकी वर्षं.

मग दोन्ही गाड्या चालवल्या. पीडीके बद्दल वाईट बोलायला जागा नाही. स्पोर्ट प्लस या सगळ्यात जोरकस मोडमध्ये वळणाआधी ब्रेक मारला की ती स्वतःच दोन गिअर खाली येते, अगदी मी टाकले असते तिथेच, किंबहुना माझ्या आधी. तेच जरा खटकलं. परीक्षेला शेजारचा हुशार मुलगा बसून उत्तरं सांगतोय असं वाटत राहतं.

एस घेऊन बे ५०० ला गेलो, विकणारा शेजारी बसला होता. काका, तुमचं शब्द न शब्द खरं. ७० ची पाटी, तिसरा गिअर टाकला तो टाकलाच, वीस मिनिटं दांडा हलला नसेल. पुढे डच नाही, पण बेल्जियमची होती. थोडा हिरमुसलो. आणि मग परत येताना गावातून, छोट्या छोट्या गोल चौकातून, तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, तो दांडा असा टक करून बसतो ना, थंड धातूची मूठ, मी एका चौकाला विनाकारण दोन फेऱ्या मारल्या. विकणारा काही बोलला नाही, त्याने बहुतेक तेव्हाच किंमत कमी न करायचं ठरवलं.

नानांनी सांगितल्याप्रमाणे चढावर क्लच तपासला, ठीक आहे. रोजच्या ट्रॅफिकचं गणित असं सोडवलं की ऑफिसला एस-बानने (इथल्या लोकल ट्रेनने) जायचं, गाडी रविवारची. आईबाबा आले की तेही एस-बानने.

यष्टीचा_पोरगा

म्हणजे निळी आली? फोटू टाक की.

पुणेरी_स्टुटगार्टकर

शनिवारी आणायला जातोय. बायको आत्ताच विचारून गेली, लायसन्स घेतलंस ना, नवीनवालं.