फॉन्टच्या आधी अंतर बघा
मराठी धडे मोबाइलवर नीट वाचता येत नाहीत, फॉन्ट मोठा करा, असा एक सल्ला वाचला. पटतं, पण अर्धंच. ई-लर्निंगची पानं बनवताना मला जास्त छळतं ते सीएसएसमधलं (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधलं) लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमध्ये सोडलेलं जादा अंतर. इंग्रजीसाठी केलेल्या टेम्प्लेटमध्ये (पानाच्या तयार साच्यात) शीर्षकांना ते बरेचदा दिलेलंच असतं. त्यात मराठी टाकलं की शिरोरेघ तुटते, 'विज्ञान'ची अक्षरं सुटी पडतात आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथंच अडखळतं. मी ते सगळ्यात आधी शून्य करते.

शिवाय ओळींमधलं अंतर. आपल्याकडे वर रफार-वेलांट्या, खाली उकार. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या १.२ पट असेल तर 'पूर्ती'चा ऊकार खालच्या ओळीतल्या मात्रेला जाऊन भिडतो. १.६ ठेवून बघा, मग फॉन्टचं ठरवा. आणि तपासायचं ते मुलांच्या हातातल्या स्वस्त फोनवरच.