जुना पीसी घरच्या घरी उघडलात का? अनुभव सांगा

कोथरूड
सुरुवात मीच करतो. २०१२ सालचा डेस्कटॉप: आय३, एच६१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून आंघोळीला जायचो; परत येईस्तोवर गोल फिरायचं थांबलेलं असलं तर नशीब. दुकानदार म्हणाला, "काका, भंगारात द्या आता." चालू वस्तू भंगारात द्यायची? आमच्याकडे १९८६ चा मिक्सर अजून चटणी वाटतो.

मग एकच केलं. २४० जीबीची साटा एसएसडी मागवली (एसएसडी म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपमध्ये साठवणारी डिस्क, साटा म्हणजे ती बोर्डाला जोडायची पद्धत). जुन्या डिस्कवरचे फोटो आधी बाहेर काढून ठेवले (हे नंतर करायचं काम नव्हे), सीपीयूच्या डब्याचा बाजूचा पत्रा काढला, डिस्कची डेटा केबल आणि पॉवरची पिन काढून एसएसडीला लावली. ती अडीच इंची, खाच साडेतीन इंची; पट्टी मिळेना, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने आतल्या पत्र्याला चिकटवून टाकली. आत फिरणारं काहीच नसल्यामुळे ती आडवी काय नि उभी काय. एच६१ वर साटाचा वेग सेकंदाला ३ गिगाबिटच, म्हणजे एसएसडी निम्म्याच ताकदीने पळते. तरी विंडोज अर्ध्या मिनिटात समोर! कारण खरा वेळ खात होतं ते डिस्कच्या सुईचं इकडून तिकडे हिंडणं.

तुम्ही काय काय केलंत? फजितीसकट लिहा. फजिती आधी.

सदाशिव पेठ
घ्या फजिती. रॅम वाढवायची म्हणून 'नवी ती चांगली' या हिशेबाने डीडीआर४ ची पट्टी आणली. बोर्ड डीडीआर३ चा. खाच जुळेना. मित्र शेजारी उभा राहून म्हणतोय, "दाब, दाब, नवीन आहे, घट्ट असणारच." नशीब, दाबली नाही. डीडीआर३ ला २४० पिना, डीडीआर४ ला २८८, आणि मधली खाच मुद्दाम वेगळ्या जागी दिलेली, माझ्यासारख्यांसाठीच. परत करायला गेलो तर काउंटरवरच्या पाटीकडे बोट. पाटीत काय लिहिलं होतं ते पुणेकरांना सांगायला नको.

दुसऱ्यांदा ८ जीबीची बरोबर पट्टी लावली, तरी वापरायला जेमतेम साडेतीन जीबी. विंडोज ३२ बिटची होती, तिला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही! रविवार ६४ बिटची टाकण्यात गेला.

चिंचवड
माझं प्रकरण जरा रक्तदाब वाढवणारं आहे. एएमडीचा एएम३ प्रोसेसर, पंखा विमानासारखा ओरडायचा. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूच्या हीटसिंककडे नेणारा लेप) बदलू म्हटलं. क्लिप सोडवली, हीटसिंक सरळ वर ओढला आणि खाली बघतो तर सॉकेट रिकामं. वाळलेल्या पेस्टने प्रोसेसर हीटसिंकलाच चिकटून वर आलेला, लिव्हर बंद असताना! या जातीत पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. चार पिना गवतासारख्या एका अंगाला झोपलेल्या.

मुलाच्या कंपासमधली खटक्याची पेन्सिल घेतली, शिसं काढून टाकलं, पोकळ टोक एकेका पिनेवर अलगद चढवलं आणि श्वास रोखून उभी केली. चारही उभ्या राहिल्या. बायको दारातून म्हणाली, "सुईत दोरा ओवायला मात्र तुम्हाला दिसत नाही."

नंतर कळलं की आधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम होऊ द्यायची, मग बंद करून हीटसिंक ओढायचा नाही, हलकेच डावी-उजवीकडे पिळायचा. शिवाय परत जोडताना प्रोसेसरजवळची चार पिनांची पॉवर केबल विसरलो. पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. रात्री दीडला दिसली ती.

सहकारनगर
मी सोसायटीचे हिशेब बघते, तेवढ्यापुरता पीसी. तारीख रोज २००९ ला जायची आणि बँकेची साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडायचीच नाही. बँकेला तीन फोन झाले. भाचीने येऊन पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा, बोर्डावरचा नाण्याएवढा सेल बदलला. सीआर२०३२, तीन व्होल्टचा. बस.

लगे हाथ तिने रॅम काढून सोनेरी दात खोडरबराने पुसले. आमच्या वेळचा उपाय अजून चालतो बघून बरं वाटलं.

वारजे
जरा उलटं बोलतो. गेमसाठी जुन्या पीसीत ग्राफिक्स कार्ड घातलं, फरक शून्य. आठवडाभर कार्डाला शिव्या दिल्या. मॉनिटरची केबल बोर्डाच्याच पोर्टमध्ये राहिली होती. ती बदलल्यावर कळलं, प्रोसेसरच दमलाय. एसएसडी आणि रॅमपुढे खर्च करायचा तर विचार करा.

हडपसर
आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, तेव्हा यूपीएस आधी. दोन मिनिटंही टिकेना. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी तापकीर गल्लीतून आणली, लाल-काळी वायर बघून जोडली. पण पीसीचा एसएमपीएस (आतला वीजपुरवठ्याचा डबा) कुणी उघडू नका. प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. आमच्यात पाल जाऊन मेली होती. मी ती काढायच्या फंदात पडलो नाही, डबाच बदलला.

कोथरूड
वा! चिंचवडकर, पेन्सिलीला सलाम.
माझी पुढची अडचण: विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पाहिजे, शिवाय माझा जुना आय३ त्यांच्या चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीय. मराठी टायपिंग जमलं, प्रिंटर मात्र अजून रुसलेला आहे. कुणी मनवला असेल तर लिहा. आणि डीडीआर३ च्या २ जीबीच्या दोन पट्ट्या माझ्याकडे पडून आहेत. सदाशिव पेठवाल्यांनी येऊन घेऊन जाव्यात, दुपारी एक ते चार सोडून.